तीन आठवडे न धुतलेलं डोकं

वासेमाथाने पाय मोडून घेतला तो गाण्यापायी. चर्चच्या ओट्यावर तिच्या गायनवृंदाची तालीम चालू होती आणि वरच्या पट्टीतल्या बायका नेहमीसारख्या खालीच रेंगाळत होत्या. त्यांना वर ओढायला म्हणून ती दोन्ही हात उंचावत, "वर! अजून वर! झोपलात का?" असं ओरडत मागे मागे सरकत गेली आणि ओटा कधी संपला ते तिला कळलंच नाही. बायका मात्र त्या क्षणी अशा काही वर गेल्या, की असला सूर नुकुवातू गावात आजवर कुणी लावला नव्हता. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं आणि दवाखान्यातल्या नर्सबाईने बजावलं, की सहा आठवडे या पायाला पाण्याचा थेंब लागता कामा नये.

पायाचं तिला फारसं काही वाटलं नाही. एका पायावर उभं राहूनही गाणं हाकता येतं. खरा घोर लागला तो केसांचा.

वासेमाथाचे केस म्हणजे गावाची शान. उंच, गोल, दाट, आणि एकसष्टाव्या वर्षीही काळेभोर. चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसणाऱ्यांना पाद्रीबाबा फक्त ऐकू यायचे, दिसायचे नाहीत. रोज सकाळी नदीत उतरायचं, डोकं बुडवायचं, खोबरेल चोळायचं आणि लांब दातांच्या फणीने केस वर वर उचलत गोल करायचे, हा तिचा नेम. तो तुटून तीन आठवडे झाले होते. केस एका बाजूला उशीने दाबलेले, दुसऱ्या बाजूला उधळलेले, आणि आत अशी खाज सुटायची की ती बिचारी फणीची मूठ खुपसून खुपसून रडकुंडीला यायची.

त्यात आज दुपारी दोन वाजता सात गावांच्या गायनाची स्पर्धा, तीही नुकुवातूतच. वासेमाथाने आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं, "असलं डोकं घेऊन मी सात गावांपुढे उभी राहणार नाही. केस धुतलेले, सुकलेले आणि गोल असतील तरच. नाहीतर तुमचं तुम्ही गा."

"आई, वरून रुमाल बांधू या ना," सून तितिलिया म्हणाली होती.

"रुमाल? मी काय बाजारात कसाव्याचे कंद विकायला बसणारेय?"

आता कुणी म्हणेल, एवढं काय, घरातल्या कुणीतरी धुऊन द्यावेत. पण इथेच तर गाडं अडलं होतं. या बेटांवर माणसाच्या डोक्याला कुणी हात लावत नाही, तो अपमान समजतात, आणि हे तर सरदारघराण्यातल्या लेकीचं डोकं. नवरा इलाइसा कोळ्यांच्या घरातला. अडतीस वर्षांचा संसार झाला, चार मुलं झाली, पण बायकोच्या केसांना बोट लावायची त्याची छाती झाली नव्हती. "मी तुला आंब्याच्या फांदीला दोरीने उलटी टांगतो," असं त्याने मोठ्या प्रेमाने सुचवून पाहिलं. "खाली घमेलं ठेवू. तुझं तू धू." वासेमाथाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जाळी विणायला निघून गेला.

तिने स्वतः प्रयत्न केला नाही असं नाही. मोरीत घमेल्यावर वाकली, प्लास्टरचा पाय मागे हवेत धरला, आणि तोल जाऊन डोक्याऐवजी कोपर धुऊन निघालं. मग तितिलियाने कंबर कसली. तांब्या घेऊन ती सासूच्या मागे उभी राहिली. "माफ करा हं आई," म्हणाली. जरा जवळ गेली. "माफ करा हं." हात वर केला आणि डोक्याच्या वर आपला हात गेला या विचारानेच ती इतकी घाबरली, की चार पावलं मागे धावली आणि तिथूनच तांब्या भिरकावल्यासारखं पाणी फेकलं. अर्धं वासेमाथाच्या नाकात गेलं, अर्धं इलाइसाच्या चहात. केस कोरडेच राहिले.

स्पर्धेच्या सकाळी नऊ वाजता पहिली होडी लागली. ओट्यावर पाय पसरून बसलेल्या वासेमाथाला खाडीच्या बाजूने एक आवाज ऐकू आला.

"कुठंय ती? कुठंय ती लंगडी?"

ती मेरेओनी होती. समोरच्या बेटावरच्या गायनवृंदाची म्होरकी, आणि त्याहून वाईट म्हणजे ताउवू. दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच, म्हणून ताउवूंमध्ये रीतच अशी, की एकमेकांच्या घरातून हवं ते न विचारता उचलायचं, तोंडाला येईल ते बोलायचं, हवी ती खोडी काढायची, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला, आणि पुढच्या तीन पिढ्या त्याचं नाव घेऊन लोक हसणार. दोन वर्षांपूर्वी मेरेओनीच्या गावच्या जेवणावळीत वासेमाथाने जमिनीखालच्या भट्टीतून अख्खं डुक्कर उचलून होडीत घालून पळवलं होतं. पाहुण्यांनी त्या दिवशी नुसता पाला खाल्ला. म्हणजे आता पाळी कुणाची होती, ते सांगायला नको.

मेरेओनी अंगणात आली तीच एक कोंबडी काखेत मारून. वाटेत इलाइसाचा रेडिओ तिने गळ्यात अडकवला, ओट्यावरची नवी चटई गुंडाळून आपल्या बायकांकडे दिली, आणि मग तिची नजर वासेमाथाच्या डोक्यावर गेली. ती थबकली. कोंबडी सुटून पळाली.

"अगं बाई गं! हे काय? केस आहेत की वटवाघळांची वसाहत?"

"ये ताउवू, ये. तुझं तोंड घरी ठेवून आली असतीस तर होडी हलकी झाली असती," वासेमाथा म्हणाली.

"पाय मोडला ऐकलं होतं. डोकंही मोडलं हे कुणी सांगितलं नाही."

वासेमाथाने परतफेड करायला तोंड उघडलं, पण तीन आठवड्यांची खाज आडवी आली. तिने कराकरा डोकं खाजवलं आणि एकदम खरं तेच बोलून गेली. "धुवायला कुणी नाही गं. मी नाही उभी राहत आज."

मेरेओनीच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. वासेमाथा उभी राहणार नसेल तर बक्षीस त्यांचंच होतं.

"नाही कशी राहत?" मेरेओनी कडाडली. "दोन वर्षं मी या दिवसाची वाट बघतेय. मला तुला हरवायचंय, तुझ्या खाटेला नाही. तितिलिया! वाळूची ढकलगाडी आण. साबण आण, लिंबाचा पाला आण. आणि कात्री आण."

"कात्री?" तितिलियाच्या तोंडचं पाणी पळालं.

वासेमाथाच्याही पळालं, पण तिने ते दाखवलं नाही. ताउवूला 'नको' म्हणायची सोय नव्हती. शिवाय ताउवूशिवाय हे डोकं धुवायची हिंमत दुसऱ्या कुणाला होती?

मग गावच्या नळाकडे जी वरात निघाली ती पाहायला होड्यांमधून उतरणारी माणसंही थांबली. एकचाकी ढकलगाडीत चटई अंथरून वासेमाथाला उताणी घातली. प्लास्टरचा पाय तांदळाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून चाकाच्या बाजूने तोफेसारखा वर काढला, आणि डोकं मागे दोन मुठींच्या मध्ये लोंबत राहिलं. इलाइसा गाडी ढकलत होता आणि बायकोचं डोकं आपल्या पोटाला लागू नये म्हणून पोट इतकं आत ओढत होता, की कमरेला गुंडाळलेला त्याचा सुलू दोनदा घसरला. दर खड्ड्याला वासेमाथा ओरडायची, "हळू! मी नारळ आहे का?" आणि मागून येणाऱ्या दोन्ही गावच्या बायका त्या ओरडण्यालाच चाल लावून गायच्या. "हळू, हळू, मी नारळ आहे का!" नळापर्यंत पोचेस्तोवर त्याला तीन सूर आणि टाळ्यासुद्धा लागल्या होत्या. वरच्या पट्टीतल्या बायका आज अगदी बरोबर जागी होत्या, हे एवढ्या गोंधळातही वासेमाथाच्या कानाने टिपलं.

नळाजवळ फणसासारख्या फळांनी लगडलेल्या झाडाच्या सावलीत गाडी उभी केली. मेरेओनी पालथ्या बादलीवर बसली. तिने बाह्या वर सारल्या.

"कात्री दे."

गाणं थांबलं. वासेमाथाने डोळे घट्ट मिटले. तिला वर फांद्या दिसत होत्या त्या दिसेनाशा झाल्या, आणि डोळ्यांपुढे ते पळवलेलं डुक्कर उभं राहिलं. काय दुर्बुद्धी झाली होती तेव्हा! अर्धंच न्यायला हवं होतं. "काप, काप," ती मोठ्या ऐटीत म्हणाली, पण आवाज चिरकला. "तुझ्या डोक्यावर टोप करून घाल. तेवढंच काहीतरी बरं दिसेल तुझ्याकडे."

कच्च, असा आवाज झाला. बायका किंचाळल्या. इलाइसाने तोंड फिरवलं.

मेरेओनीने शांपूची पुडी कापली होती. "दातांनी फाडली की तोंड कडू होतं," ती साळसूदपणे म्हणाली, आणि जमलेले सगळे पोट धरधरून हसले. वासेमाथा तर इतकी हसली की गाडी कलंडायला आली आणि इलाइसाला चाक धरून बसावं लागलं.

मग पाणी आलं. कोमट, लिंबाच्या पाल्याच्या वासाचं, कपाळावरून मागे. मेरेओनीच्या तोंडाची टकळी चालूच होती. "ही बघा फणी! ही बघा पेन्सिल! बायांनो, मागच्या वर्षीची गाण्याची वहीही निघेल इथून." बायका खिदळत होत्या. मग तिची दहाच्या दहा बोटं केसांत शिरली आणि टाळूपर्यंत पोचली.

वासेमाथाचं हसू मध्येच थांबलं.

जाड, खरबरीत बोटं होती ती, जाळी ओढून ओढून राठ झालेली. ती कानामागून मानेपर्यंत जात होती, थांबून गोल फिरत होती, परत वर येत होती. वासेमाथाला आठवेना, असा हात याआधी कधी लागला होता. मग आठवलं. आई गेली तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्यानंतर कुणाचाच नाही. लोक तिच्या डोक्याला मान देत आले आणि मान द्यायचा म्हणून दूर राहिले. एवढ्या वर्षांत याची आपल्याला किती भूक लागली आहे, हे तिला आज या वाळूच्या गाडीत उताणी पडल्यावर कळलं, आणि तिला रडू आलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी निघून थेट साबणाच्या फेसात जात होतं.

मेरेओनीला वरून सगळं दिसत होतं. ती तशीच चोळत राहिली. बायकांकडे न बघता म्हणाली, "काय गं, उभ्या काय राहिल्यात? गा की." बायका गायला लागल्या.

दोन बादल्या झाल्या. तिसरीचं पाणी केसांतून खाली आलं ते नितळ आलं. साडेदहा वाजून गेले होते. एवढे केस सुकायला, तेल लागायला आणि गोल व्हायला तीन तास तरी हवेत, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

"झालं," मेरेओनी म्हणाली. "उचला हिला. उन्हात बसवा."

"नाही झालं," वासेमाथा म्हणाली. तिने डोळे उघडले नाहीत. "मागच्या बाजूला राहिलाय साबण."

"कुठे राहिलाय? पाणी बघ, पिता येईल असं आहे."

"राहिलाय म्हणते ना."

"अगं ताउवू, मग सुकणार कधी? दोन वाजता उभं राहायचंय तुला."

"ओल्या केसांनी उभी राहीन," वासेमाथा म्हणाली. "चपटे राहिले तर राहू देत. तू अजून एकदा धू."

मेरेओनीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. या एका वाक्यावर तिला पुढची दहा वर्षं सात गावांत टिंगल करता आली असती, आणि तो तिचा हक्कच होता. तिने ओले हात गुडघ्यांना पुसले, पालथ्या बादलीवर नीट सावरून बसली.

"तितिलिया," ती म्हणाली, "अजून दोन बादल्या भर."