चार बोटं कमी

मी बाक बोलतोय. बोलायची हौस मला नाही. नव्या वाचनालयाच्या स्मरणिकेत जुन्या बाकाचं मनोगत हवं, म्हणून ग्रंथपालबाई हात धुऊन मागे लागल्या. घ्या मग. ऐकवत नसेल तर पान उलटा.

जुन्या वाचनालयात खिडकी एकच, आणि तिच्यापाशी मी. आमच्या शिपायाला सगळे टिल्लू म्हणत. माझ्यावर बसला की त्याचे पाय लोंबायचे, लोक हसायचे. एका सुट्टीत पठ्ठ्यानं करवत आणली आणि माझे चारही पाय चार-चार बोटं उडवले. कुणाला पत्ता नाही.

कळलं ते फक्त आजींच्या गुडघ्यांना. त्या रोज यायच्या. मी खोल लागायला लागलो, तशा मासिकांचे दोन जाड बांधीव खंड माझ्यावर ठेवून वर बसायच्या. "वाचून झालेत, आता बसायला घेते," म्हणायच्या.

मग नवी इमारत ठरली. आराखडा करणाऱ्या बाई आल्या. "छापील मापं मला नकोत. लोक जिथं भांडून बसतात, तिथलं माप घ्यायचं." अहो, भांडण खिडकीसाठी होतं! आणि आजींचे खंड? पाहुण्या येणार म्हणून टिल्लूनं सकाळीच कपाटात कोंबलेले.

बाईंनी माझ्या पायाला टेप लावली. "हा पहिल्यापासून एवढाच का हो?"

"माझ्यासारखाच. जन्मापासून," टिल्लू म्हणाला.

एरवी कुणी कूस बदलली तरी मी करकरतो. तेव्हा एकदा करकरायला काय झालं होतं? पण माझ्या मापानं इमारत होणार, या तोऱ्यात गप्प राहिलो.

इमारत देखणी झाली. ऐसपैस दालन, भरपूर उजेड, प्रत्येक खिडकीखाली दगडी बैठक. सगळ्या माझ्या उंचीच्या. उद्घाटनाला आजी हौसेनं पहिल्या बसल्या. उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून ओढलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"राहू दे रे, मीच जुनी झाले," आजी म्हणाल्या. त्यानंतर आल्या नाहीत.

मला दाराशी शोभेला मांडलंय. लोक फोटो काढतात. प्रत्येक फोटोत मला माझे पायच दिसतात.

आजी, खोट तुमच्या गुडघ्यांत नव्हती. माझ्यात होती. माफ करा. ग्रंथपालबाई, हे छापा, आणि ते दोन खंड कपाटातून काढून माझ्यावर ठेवा. आजी येतील.

राहिली माझी माफी. ती ज्यानं मागायची, तो आत दगडी बैठकीवर पाय टेकवून ऐटीत बसलाय. टिल्लू.