बिनआवाजाचा व्हिडिओ

"मामा, व्हिडिओचं ॲप काढून टाकलं म्हून पैसे कटायचे थांबत न्हाईत!" पल्लवीनं वसराम मिस्त्रींच्या हातातला मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला. "सात दिवस फुकट व्हतं ना? आज सहावा हाय. उद्या संपलं की खात्यातून वर्षाचे साडेतीन हजार आपोआप जातील."

मिस्त्रींनी खिशातली छोटी वही काढून घाईघाईनं लिहिलं, 'मंग आता?'

आखाडा बाळापूरच्या बाजारात वसराम मिस्त्री तीस वर्षांपासून फवारणीचे पंप दुरुस्त करत होते. वॉशर कसा बसवायचा, नोझल कसं धुवायचं, हे सांगितल्याशिवाय ते पंप गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. मागच्या हिवाळ्यात नांदेडला घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पंप दुरुस्त होत होते, सांगणं बंद पडलं. माणसं तोच बिघाड घेऊन चार दिवसांत परत येत. काहींनी दुकानच बदललं. म्हणून मिस्त्रींनी व्हिडिओचं मनावर घेतलं होतं. हात दिसतील, आणि सांगायचं ते खाली अक्षरांत येईल. शेजारी ऑनलाइन फॉर्म भरून देणारी पल्लवी मदतीला होती.

तिनं मोबाइलमधली सबस्क्रिप्शनची यादी उघडली. रद्द करायला गेल्यावर ॲपनं तीनदा विचारलं, खरंच सोडून जाताय? तिन्ही वेळा 'हो'चं बटण मिस्त्रींनीच दाबलं. मग पैसे पाठवायच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची परवानगीही काढली. 'रद्द झाले' असं येताच पल्लवीनं त्याचा स्क्रीनशॉट घेतला.

"पुरावा असू द्या, मामा."

मिस्त्रींनी तिला त्या ॲपवर बनवलेला जुना व्हिडिओ दाखवला. त्यात 'व्हॉल्व्ह' शब्दाची जोडाक्षरं तुटून पाय लोंबकळत होते.

"एवढे पैसे मागून राहिलं आन् मराठी लिहिता येईना!" पल्लवी हसत सुटली. मिस्त्रींचे खांदेही हसण्यानं हलू लागले.

दुसरं ॲप घेतलं, तर त्यानं व्हिडिओत नेमकं वॉशरवरच आपलं नाव ठोकलं. तिसऱ्यानं उघडताच कार्डाचा नंबर मागितला. "याला इथूनच नमस्कार," पल्लवी म्हणाली. चौथं साधं होतं. कार्ड नाही, नाव नाही, नेट बंद केलं तरी चालत होतं. मिस्त्रींनी टाइप केलं, 'स्क्रू घट्ट आवळा'. अक्षरं नीट जुळून उमटली. त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की समोरचा चहावाला बघू लागला.

मग दुपार कशी गेली ते कळलं नाही. मिस्त्री बोटानं तुकडे कापत होते, पुढे-मागे करत होते. एका ठिकाणी त्यांनी वॉशर उलटा बसवून परत काढला होता.

"हे कापायचं का?" पल्लवीनं विचारलं.

'राहू दे. समद्यांची हीच चूक व्हते.'

"आन् आवाज? मी बोलू का मागून?"

मिस्त्रींनी लिहिलं, 'नगं. पंपाचाच बस झाला.'

संध्याकाळी व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर गेला. तासाभरात मिस्त्रींचा फोन वाजला. सेनगावकडचे किशनराव होते, जुने गिऱ्हाईक. ऑपरेशनचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"मिस्त्री, झकास! नोझल मोकळं झालं बघा! बाळापूरची चक्कर वाचली. त्या उलट्या वॉशरचं आज कळलं मला. आन् काहून गप हाव तुमी? बोला की!"

पल्लवीनं फोन मागायला हात पुढे केला. मिस्त्रींनी तो दिला नाही. ते तिच्याकडे पाठ करून दुकानाच्या पायरीवर बसले. किशनराव औषधाचं, पिकाचं, घरचं सांगत राहिले आणि मिस्त्री फोन कानाला लावून मान हलवत राहिले.