हैदराबाद पाहून आलेला डबा

मी राहीबाईंचा डबा बोलतोय. चार कप्प्यांचा, प्रत्येक कप्प्याला झाकण असलेला, स्टीलचा, कडीवाला. हल्लीच्या त्या प्लास्टिकच्या डब्यांशी माझी गल्लत करू नका हं. ते मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं गरागरा फिरतात आणि जग फिरून आल्यासारखे बोलतात. मी खरंच फिरून आलोय. तेही विमानातून! खालच्या कप्प्याला हा पोचा दिसतोय ना, तो त्याच सहलीत आला. त्या पोच्याला नावं ठेवण्याआधी माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म साताऱ्याचा. राहीबाईंच्या लग्नात मामांनी मला रुखवतात मांडलं. त्याआधी दुकानदारानं माझ्या झाकणावर टोच्यानं नाव घातलं, ‘चि. सौ. कां. राहीबाईस मामाकडून’. फार दुखलं. पण नाव घातलेलं भांडं हरवत नाही म्हणतात. खोटं कशाला बोलू, हरवतं. फक्त कुणाचं हरवलं ते सगळ्यांना कळतं.

लग्न झालं आणि आम्ही वाशीला आलो. राहीबाईंचे मालक ज्योतिबा फळबाजारात माथाडी होते. सकाळी मी भाकरी, कोरड्यास आणि खर्डा घेऊन जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. पण रिकामा कधी नाही! वरच्या कप्प्यात दोन चिकू, मूठभर द्राक्षं, कधी अर्धं डाळिंब असायचंच. ज्योतिबांचा नेमच होता, घरातून भरून निघालेला डबा मोकळा माघारी न्यायचा नाही. राहीबाई रोज म्हणायच्या, “कशाला आनलं? मला काय नको.” आणि असं म्हणताना त्यांचा हात आधीच माझ्या कडीवर असायचा.

तेव्हापासून मला राहीबाईंची भाषा कळते. त्यांचं ‘काय नको’ म्हणजे ‘बघू बघू, काय आणलंय’.

ज्योतिबांची एकच गोष्ट करायची राहिली. बाजारात हैदराबादकडून आंब्याचे ट्रक यायचे. ड्रायव्हर चारमिनारच्या गप्पा मारायचे आणि ज्योतिबा त्याच गप्पा घरी येऊन स्वतः पाहिल्यासारख्या सांगायचे. शेवटी म्हणायचे, “न्हेतो एकदा तुला.” राहीबाई म्हणायच्या, “मला काय करायचंय चारमिनार?” आता त्याचा अर्थ तुम्हीच लावा. सहा वर्षांपूर्वी ज्योतिबा गेले आणि ते तसंच राहून गेलं.

माझीही रया गेली. मुलगा विश्वजित तळोज्याच्या कारखान्यात लागला, नावड्याला कॉलनीत फ्लॅट झाला, आणि मी ओट्याखाली गेलो. माझ्या पोटात काय ठेवलं? रबरबँड, गॅसचं कार्ड आणि एक्स्पायरी उलटलेल्या गोळ्या. ज्या पोटानं खर्डा पचवला त्या पोटात अॅसिडिटीच्या गोळ्या! असो.

मग एके दिवशी सूनबाईंचा, म्हणजे सुनयनाचा, बांध फुटला.

“अहो, अकरा वर्षं झाली लग्नाला. फिरायला म्हणून आपण कुठं गेलो सांगा. तुमच्या आतेभावाचं लग्न, तुमच्या मावसभावाचं लग्न आणि तुमच्या गावची जत्रा. आता मी ऐकणार नाही. दोन दिवस हैदराबाद. किल्ला बघणार, महाल बघणार आणि या यादीतलं एकूण एक खाणार.”

यादी मोठी होती. इराणी चहा, उस्मानिया बिस्कीट, लुकमी म्हणजे खिम्याचा चौकोनी समोसा, मिरची भजी, बिर्याणी आणि शेवटी खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड.

हैदराबाद म्हटल्यावर लसूण सोलणारा राहीबाईंचा हात थांबला. कुणी बघितलं नाही. मी ओट्याखालून बघितलं.

विश्वजित म्हणाला, “आई, तू पण चल ना.”

“मी कशाला? माझा गुडघा हा असा. आन् इमानात माझं काय काम?”

आता आपल्याकडची रीत काय? पहिल्या बोलावण्याला हो म्हणायचं नसतं. जेवायला बसा म्हटलं तरी माणूस आधी ‘आत्ताच झालं’ म्हणतो. दुसऱ्यांदा आग्रह करायचा असतो! पण विश्वजितनं “बरं” म्हटलं आणि तिथल्या तिथं फोनवर दोन तिकिटं काढली. मेल्या, आणखी एकदा विचारायला काय तुझी जीभ झिजली असती?

राहीबाईंनी मला ओट्याखालून काढलं, चिंच लावून घासलं आणि भरायला घेतलं. वर खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी, त्याखाली दशम्या, त्याखाली धपाटे आणि तळाला बेसनाचे लाडू. सुनयना कपाळाला हात लावून म्हणाली, “आई, तिथं खायलाच चाललोय आम्ही!”

“असू दे. परक्या गावात पोटाला आधार पायजे. मला काय आनू नका. डबा तेवढा नीट माघारी आना.”

त्या दोघांनी याचा अर्थ लावला, डबा हरवू नका. मी बरोबर लावला. आणि मी मनाशी ठरवलं, हैदराबाद घेतल्याशिवाय या घरात परत पाऊल टाकायचं नाही.

विमानतळावर माझी फार चौकशी झाली. मला पट्ट्यावरून बोगद्यात घातलं, बाहेर काढलं, उघडलं. एका साहेबांनी खर्डा हुंगला आणि त्यांना सात शिंका आल्या. तो कप्पा तिथंच रिकामा करायला लावला. दशम्या मात्र पास झाल्या. आणखी एक गंमत बघितली. घरापासून विमानतळापर्यंत सुनयना नवऱ्याला ‘अहो’ म्हणत होती. तपासणी ओलांडली आणि म्हणाली, “ए विशू, खिडकीची सीट माझी.”

चारमिनारजवळ आम्ही सकाळी पोचलो. काय ते मिनार! ज्योतिबा सांगायचे त्यापेक्षा थोडे बुटके वाटले, पण ज्योतिबा थोडं वाढवूनच सांगायचे. समोर इराणी चहाचा वास, कढईत लुकमी, सुनयनाचे डोळे चमकलेले. तेवढ्यात विश्वजितनं माझी कडी काढली.

“आधी घरचं संपवू. नाहीतर वाया जाईल.”

“विशू, मी चार तास उपाशी आहे ते या लुकमीसाठी!”

“अन्न आहे ते, सुनू. आईनं पहाटे उठून केलंय.”

चारमिनारच्या सावलीत दोघांनी तीन-तीन दशम्या खाल्ल्या. मग लुकमीसमोर उभं राहून सुनयनानं तिचा फोटो काढला. पोटात जागा होती कुठं? कपभर चहा तेवढा गेला.

तिथून चौमहल्ला राजवाड्यात गेलो. माणसाच्या उंचीची झुंबरं, संगमरवरी तख्त, रांगेत उभ्या जुन्या मोटारी. सुनयना मात्र यादी काढून सुस्कारे टाकत होती. “हा डबा संपल्याशिवाय मला काही मिळायचं नाही,” असं म्हणून तिनं बागेत शेजारी बसलेल्या बाईंपुढे मला सरळ उघडंच धरलं. “ताई, दशमी घ्या ना. लाडू पण घ्या. सगळे घ्या!”

बाई निघाल्या मराठी. क्रांतीताई नाव, तीन पिढ्या सुलतान बाजारात राहणाऱ्या. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना राजवाडा दाखवायला आल्या होत्या, त्यांच्याहीजवळ डबे होतेच. पाहुण्यांनी लाडूंचा फडशा पाडला. “सासूबाईंचा हात काय गोड आहे हो!” क्रांतीताई म्हणाल्या. सुनयनाला वाटलं, सुटलो! छे. क्रांतीताईंनी मला ओढून घेतलं आणि खर्ड्याच्या रिकाम्या कप्प्यात गच्च चिवडा भरला.

“नक्को नक्को, ताई!” दोन तासांत सुनयना हैदराबादी बोलायला लागली होती.

“असं कसं? डबा रिकामा देत असतात का?”

मी धन्य झालो! ज्योतिबांचीच जातकुळी! सुनयना रडायच्या बेतात नवऱ्याचा फोटो काढायला वळली, आणि तेवढ्यात क्रांतीताईंनी माझ्या तळाच्या कप्प्यात आणखी काहीतरी हळूच ठेवलं. ते काय होतं ते त्यांना माहीत आणि मला माहीत. मग दोघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले.

दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा. तिथं खालच्या दरवाज्यात टाळी वाजवली की वर किल्ल्याच्या माथ्यावर, बालाहिसारावर ऐकू येते. सुनयना ती ऐकायला वर चढली. विश्वजित दरवाज्यातच एका कट्ट्यावर चिवडा खायला बसला. सगळे कप्पे त्यानं कट्ट्यावर मांडले, चिवडा तोंडात टाकला आणि नेमका त्याचा कोपर मला लागला.

खण्ण्! खणण्! खण खण खण खण! मी दगडावरून दगडावर आपटत गेलो. चिवडा उडाला, धपाटे धुळीत गेले, दोन कुत्री आनंदानं धावली. वर पन्नास माणसं कान टवकारून उभी होती. “वा! काय स्पष्ट ऐकू येतं!” असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. फक्त सुनयना म्हणाली, “हा आवाज माझ्या ओळखीचा आहे.”

ती खाली आली. माझे तीन कप्पे रिकामे, आणि चौथ्याला हा पोचा आलेला. त्याचं झाकण असं घट्ट बसलं की विश्वजितचं नख तुटलं, पण ते हललं नाही.

“राहू दे रे. त्यात लाडू होते, ते कालच दिले,” सुनयना म्हणाली. “सुंठीवाचून खोकला गेला. चल बिर्याणी खायला!”

बिर्याणी मात्र ती जेवली, मनसोक्त जेवली. इतकी की खुबानी का मीठा मागवायची ताकद उरली नाही. “यादीतला हापण राहिलाच,” म्हणाली. मग दुकानात गेली. बिस्किटं घेतली ती काम करते त्या दवाखान्यातल्या मैत्रिणींसाठी, शेजाऱ्यांसाठी, विश्वजितच्या शिफ्टसाठी. एकदा थांबली. “आईंना काय घ्यायचं?”

“काही नको म्हणाली ना ती. आणि आई बाहेरचं खातच नाही.”

अरे, तिला बाहेरचं खायला घातलं कुणी कधी? मी खडखडून ओरडलो. विश्वजित म्हणाला, “कडी सैल झालीय वाटतं.” नळाखाली धुऊन मला मोठ्या बॅगेत टाकलं. जाताना मांडीवर होतो, येताना वापरलेल्या मोज्यांच्या संगतीत.

रविवारी संध्याकाळी नावड्याला पोचलो. राहीबाईंनी दार उघडलं, “लई दमलाय, च्या ठेवू का?” असं म्हणता म्हणता बॅगेतून मला काढलं आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. वरचा कप्पा उघडला, चकाचक रिकामा. दुसरा, रिकामा. तिसरा, रिकामा. टेबलावर बिस्किटांचे आठ पुडे होते आणि प्रत्येकावर कुणाकुणाचं नाव होतं.

“बरं केलंत, धुऊन आनला,” राहीबाई म्हणाल्या. आवाज असा की मला वाटलं, त्या गोवळकोंड्याच्या दगडावर आणखी चारदा आपटलो असतो तर बरं झालं असतं.

सुनयनाच्या हातातला पुडा हातातच राहिला. “आई...”

“ह्ये खालचं उघडंना व्हय?” राहीबाई उठल्या, वरवंटा घेऊन आल्या आणि माझ्या झाकणाच्या कडेला दोन टोले हाणले. लोकांना वाटतं पोच्यामुळे झाकण अडकलं होतं. मी सांगतो, मी दात आवळून धरले होते! राहीबाईंच्या हातचे टोले ओळखीचे वाटले आणि मी तोंड उघडलं.

आत एक छोटी स्टीलची डबी होती. डबीत खुबानी का मीठा, पाकात मुरलेला.

राहीबाईंनी बोटानं चाखलं. पुन्हा चाखलं. डोळे मिटले. “ह्ये हैदराबादचं?” नंतर सुनयनाकडे डबी सरकवली. “घे. तुझ्या यादीत व्हतं न्हवं ह्ये?” दोघींनी एकाच डबीतून चाटून पुसून खाल्लं. विश्वजितला पाक मिळाला.

डबी धुताना सुनयनाला झाकणावरचं नाव दिसलं. ‘क्रांती, सुलतान बाजार’.

“दुसऱ्याचं भांडं हाय,” राहीबाई ताठ बसल्या. “घरात ठिवायचं न्हाय.”

“टेन्शन नको घेऊ आई, उद्या कुरिअर करतो.”

“मोकळं?”

“लाडू भरून करतो.”

“कुरेरवाला आपटंल, भुगा हुईल लाडवांचा. भांडं हातानं द्यायचं असतं.” राहीबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. “आता कुनाला तरी जावंच लागनार.”

सुनयना त्यांच्याकडे बघत राहिली. मग शेजारी जाऊन बसली. “आई, तुम्ही चला.”

“मी कशाला? माझा गुडघा...”

मी श्वास रोखला. विश्वजितनं तोंड उघडलं होतं, सुनयनानं त्याला डोळ्यांनीच दटावलं.

“चला ना, आई. तुमच्याशिवाय आम्ही नाही जाणार.”

“बग बाई, तू एवढं म्हनतीस म्हून,” राहीबाई म्हणाल्या. आणि पुढच्याच श्वासाला, “चारमिनार तिथनं लांब हाय का गं?”

आता मी ओट्याखाली नसतो, ओट्यावर असतो. भांडीवाला पोचा काढून देतो म्हणाला होता, राहीबाईंनी त्याला हाकललं. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कुणाचा भरलेला डबा घरी आला तर तो रिकामा परत देऊ नका. आणि ‘मला काय नको’ म्हणणारं माणूस घरात असेल, तर त्याला दुसऱ्यांदा विचारा. तिसऱ्यांदा विचारलंत तरी चालेल.

चला, निघायला हवं. लाडू भरून झालेत, तळाला क्रांतीताईंची डबी बसलीय. या खेपेला राहीबाईंनी मला कुणाच्याही हातात दिलेलं नाही. नवी साडी नेसून, मला मांडीवर घेऊन त्या दारात रिक्षाची वाट बघत बसल्यात.

विमान परवा आहे.