गाठीभोवतीचा उजेड

भाऊजींच्या पोटाचा स्कॅन सकाळी झाला, तेव्हा मशीनवर आडवं होतानाही त्यांनी तंत्रज्ञाची फिरकी घेतली होती. "फोटो नीट काढ रे, लग्नातले सगळे बिघडलेत!"

मेहुणीला, म्हणजे तिथल्याच रेडिओलॉजिस्टला, ते ऐकून हसू आलं होतं. दुपारी स्कॅन उघडला आणि ते मावळलं.

यकृतातली सुपारीएवढी गाठ जुनीच होती, आजवर निरुपद्रवी मानलेली. पण स्कॅनसाठी टोचलेलं, चित्रात उजळ दिसणारं औषध धमनीतून धावतानाच्या चित्रात तिच्याभोवती पाचरीसारखा उजळ पट्टा दिसत होता. पुढच्या चित्रात तो गायब.

शेजारचा सहकारी डोकावला. "रक्तप्रवाहातला फरक असेल. कितीदा तरी दिसतो. सोड."

तिला सोडवेना. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. आतड्यांकडून येणारी शीर तुंबली, की धमनी जास्त रक्त पुरवते आणि तेवढाच भाग उजळतो. पण शीर तुंबली कशाने? ती एकेक चित्र सरकवत गेली. पाचरीच्या टोकाशी शिरेची एक फांदी काळी पडली होती, आणि त्या काळ्यातही औषधाची बारीक रेघ चमकत होती. नुसतं गोठलेलं रक्त असं चमकत नाही. गाठच शिरेत शिरली होती, म्हणजे ती कर्करोगाची होती.

तिने सहा महिन्यांपूर्वीचा स्कॅन काढला. पाचर तिथेही होती, नखाएवढी. अहवालात लिहिलं होतं, 'रक्तप्रवाहातला किरकोळ फरक. काळजी नसावी.' खाली सही तिचीच.

"तेव्हा कुणीही हेच लिहिलं असतं," सहकारी हळूच म्हणाला. "जुनं उकरून काढू नकोस."

तिने टाइप केलं, 'मागच्या स्कॅनमध्येही हा बदल होता. दुर्लक्ष झालं.' मग शेवटचे दोन शब्द पुसून लिहिलं, 'मी दुर्लक्ष केलं.'

बाहेर बाकावर ताई आणि भाऊजी बसले होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसायचा धीर होईना.

भाऊजींनी शर्टाचं उघडं राहिलेलं बटण लावलं. ताईने तिच्याकडे पाहिलंच नाही. "आता कुणाला दाखवायचं?"

"यकृताच्या सर्जनना. उद्या सकाळची वेळ घेतलीय. मी येते सोबत."

"तू नको," ताई म्हणाली. "कागद दे फक्त."

तिने कागद दिले. ताईने ते घडी न घालता छातीशी धरले आणि भाऊजींचा दंड पकडून लिफ्टकडे निघाली.