नीलिमाची मुखपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी मुखपट्टी आहे. बंगळूरच्या के. आर. पुरममध्ये, चंपाक्काच्या शिवणयंत्रावर माझा जन्म झाला. ती गोष्ट नव्वदच्या दशकातली. चंपाक्का ब्लाऊज शिवायची. तिची धाकटी बहीण नीलिमा लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. तिला लहानपणापासून दमा होता. त्यात सराव मोठ्या रस्त्यावर, लॉऱ्या आणि रिक्षांच्या धुरात.

"नीलू, स्वल्प थांब गं," अक्का म्हणाली. "एवढा धूर गिळून कशी पळणार आहेस?"

मग तिने आपल्या मऊ सुती साडीच्या घड्या घालून मला शिवलं.

सुरुवातीला गल्लीतली माणसं हसली. "डॉक्टरीणबाई निघाल्या!" म्हणाली. पण माझ्यामुळे नीलिमाचा दम टिकू लागला. संध्याकाळी मी काजळीने काळी व्हायचे आणि अक्का मला चोळून धुवायची. तो मळ नीलिमाच्या छातीत गेला नाही, याचा मला फार अभिमान वाटे.

एका वर्षी शहरात परदेशी धावपटूही येणार अशी मोठी शर्यत भरली. नीलिमाची निवड झाली. त्या सकाळी ती मला लावून रांगेत उभी राहिली, तेव्हा आयोजकांपैकी अप्पासाहेब लगबगीने आले. ते बेळगावकडचे, मराठीतच बोलले.

"पोरी, ती पट्टी काढ. उद्या पेपरात फोटो येईल. आपल्याच मुलीला आपली हवा सोसत नाही, असं जगाला दाखवायचं?"

"पण साहेब, त्या दोघींनीही लावल्यात." तिने परदेशी मुलींकडे बोट दाखवलं.

"त्या पाहुण्या. तू घरची."

नीलिमाने मान खाली घातली. मला सोडवून अक्काच्या हातात दिलं.

अक्का मला मुठीत घेऊन शर्यतीच्या वाटेवरच्या मार्केटच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली. शर्यतीसाठी अडवलेल्या गाड्या तिथे इंजिनं चालू ठेवून धूर ओकत होत्या. नीलिमा पुढच्या घोळक्यात होती. अचानक तिने छातीवर हात दाबला आणि ती रस्त्यातच बसली. अक्का गर्दी सारून धावली, तिने मला नीलिमाच्या तोंडावर धरलं. पण आता उशीर झाला होता. नीलिमाला माझ्यातूनही श्वास घेता येईना. तिने स्वतःच्या हाताने मला ओढून फेकलं. मी तशीच डांबरावर पडून राहिले; नंतर अक्कानेच मला उचलून घेतलं.

नीलिमा वाचली. पण डॉक्टरांनी धावणं कायमचं बंद केलं. आता बसस्टॉपपर्यंत जातानाही तिला वाटेत टेकावं लागतं.

दवाखान्यात तिने एवढंच विचारलं, "मी का ऐकलं गं त्यांचं, अक्का?"

अक्का तिची पाठ चोळत राहिली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलेही कुणी शर्यती भरवतील. तेव्हा एखाद्या मुलीच्या तोंडावर पट्टी दिसली, तर आधी तिला विचारा, "बाळ, श्वास पुरतोय ना?"

त्या सकाळी नीलिमाला तेवढं कुणीच विचारलं नाही.