खिळीतलं कुंकू

मित्रांनो, माझी घडी उघडताना 'टक्' असा आवाज येतो. त्या आवाजावर माझा फार जीव आहे. मागच्या पौषात तो बंद पडला होता, आणि त्याच्याबरोबर माझं आयुष्यही संपल्यात जमा होतं.

मी एक जुना, घडीचा कलमचाकू आहे. संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे सालीतला इवलासा कोंब, अलगद काढायचा आणि जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर देऊन तिच्यात बसवायचा, एवढंच माझं काम. कारखान्यात मला पोलादी पातं आणि शिसवी मूठ मिळाली, आणि चौदा वर्षांपूर्वी मी तिगावजवळच्या एका बागेत कलाबाईंच्या हाती आलो.

तुळशीपुढे दिवा लावल्याशिवाय कलाबाई झाडाला पातं लावत नसत. एकादशीला तर मी दिवसभर बटव्यातच असे. “एक दिवस तरी झाडाले दुखू नये,” असं त्या म्हणत.

एक गोष्ट मात्र त्या घराबाहेर कुणाला सांगत नसत. त्यांचा कामाचा हात डावा होता. लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून त्यांना मार बसला होता. तेव्हापासून पूजा, जेवण, वाढणं सगळं त्यांनी उजव्या हाताला शिकवलं. पण बारीक काम काही उजवा हात शिकला नाही. आमच्या जातीच्या चाकूला एकाच अंगाने धार असते, तीही उजव्या हाताच्या सोयीची. कलाबाईंनी मला दोन हंगाम दगडावर घासून ती धार दुसऱ्या अंगाला आणली. त्यांच्या अंगठ्याने माझ्या मुठीवर एक खळगाही पडला.

दर खंडेनवमीला माझी पूजा होई. हळद, कुंकू, तेलाचं बोट, वर अक्षता. मला धन्य वाटे. पण ते कुंकू तेलातून, माझं पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीपाशी उतरत होतं, आणि मला पुसायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. पूजेचं कसं पुसायचं?

मागच्या पौषात बागेतलं सर्वांत जुनं झाड डिंक्या रोगाने वाळू लागलं. ते कलाबाईंच्या सासऱ्यांनी लावलेलं होतं. त्याच्यासारखं गोड, पातळ सालीचं फळ अख्ख्या बागेत दुसऱ्या झाडाला येत नसे. एकच फांदी हिरवी राहिली होती. तिच्यावरचे डोळे वेळेत नव्या रोपांना चढले नाहीत, तर ते फळ कायमचं जाणार होतं.

कलाबाईंनी फांदीला नमस्कार केला आणि मला उघडलं. पहिल्याच डोळ्याला माझी कमान, म्हणजे उघडलेलं पातं ताठ धरणारी पट्टी, कट्कन तुटली. पातं मिटलं ते थेट त्यांच्या बोटावर. रक्त पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“फेक तो!” त्यांचे यजमान नत्थूजी ओरडले. “पांढुर्ण्याच्या बाजारातून नवा आणतो.”

नवा आला. चकचकीत होता बिचारा. पण डाव्या हातात त्याची धार तिरपी जाई. त्याने अकरा डोळे भरले. आठवड्याभरात अकराही काळे पडले. फांदीवर आता सातच चांगले डोळे उरले. दुसरे कलमवाले सौसरकडच्या रोपवाटिकांमध्ये गुंतलेले होते.

कलाबाईंची सून पूनम म्हणाली, “आई, ज्यायनं बनवला त्यायलेच पाठवू ना. मी चिठ्ठी लिहून देतो.”

“लिही, का हाच चाकू वापस पायजे. दुसरा नोको.”

“अन् डाव्या हाताचं?”

“ते कायले लिहितं वं? गावभर सांगाची गोष्ट हाये का ते?”

“पोस्टात कोण पाहून राहिलं तुहा हात!” नत्थूजी हसले. पण ते वाक्य चिठ्ठीत गेलं नाही. हा चाकू परत येईपर्यंत चहा पिणार नाही, असा नेम कलाबाईंनी धरला. घरात चहाचं भांडंच चुलीवर चढेना. “चहा तू सोडला अन् डोकं माहं दुखून राहिलं,” नत्थूजी कुरकुरले.

कारखान्यात माझ्यासारखे कितीतरी म्हातारे चाकू एका लाकडी खोक्यात पडले होते. शेजारी मोडीचं पिंप होतं. मधूनमधून आमच्यातला एखादा त्यात पडे आणि 'खण्ण' असा आवाज येई. मी प्रत्येक वेळी दचके.

तपासणारे हेमंतसाहेब माझ्यापाशी आले. “मोतीरामकाका, ह्यात काय उरलंय? टाका मोडीत. नवा पाठवून द्या. गिऱ्हाईक खूश, आपणही मोकळे.”

त्यांनी मला उचललं. मी पिंपाच्या तोंडाशी होतो.

“साहेब, नवाच हवा असता तर टपालखर्च करून हा कशाला पाठवला असता?” म्हातारे कारागीर मोतीराम म्हणाले. “चिठ्ठी तरी वाचा. द्या इकडे.”

त्यांनी माझी खीळ काढली. आत कुंकवाची लाल खपली दगडासारखी घट्ट बसली होती, आणि तिच्यात तांदळाचा एक दाणा. मोतीराम खदखदून हसले. “ह्याला दर सणाला कुणीतरी जेवू घातलंय! म्हणून गंजला अन् कमान गेली.”

त्यांनी सगळं खरवडलं आणि नवी कमान बसवली. 'टक्'! मी आनंदलो. पण पुढच्याच क्षणी त्यांनी माझी धार उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे काय? कुणा अडाण्याने धार उलटीच लावलीय. थांब, सरळ करून देतो.”

धारेचं चाक घरघरू लागलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. चौदा वर्षांची ओळख त्या चाकावर दोन मिनिटांत पुसली गेली असती, आणि ते सात डोळेही काळे पडले असते. पातं चाकापाशी आलं. पहिली ठिणगी उडाली.

आणि मोतीरामांचा अंगठा मुठीवरच्या खळग्याला लागला. खळगा भलत्याच बाजूला होता. त्यांनी चाक बंद केलं. मला डाव्या हातात घेऊन पाहिलं. अंगठा खळग्यात चपखल बसला.

त्यांनी चिठ्ठीतल्या नंबरावर फोन लावून तो टेबलावर ठेवला. “बाई, तुम्ही डावखुऱ्या आहात का?”

पलीकडून बारीक आवाज आला, “हाव जी. डावाच हाये माहा हात. लिहाले लाज वाटली.”

“लाज कसली? इतक्या वर्षांत पात्याला एक खाच नाही पडली. माझ्या उजव्या हाताला नाही जमत हे. धार तशीच ठेवतो. फक्त पूजा मुठीची करा, बाई. खिळीला कोरडं फडकं आणि तेलाचा एक थेंब, बस.”

मी घरी पोचलो तेव्हा त्या फांदीची पानं मलूल झाली होती. कलाबाईंनी दिवा लावला. 'टक्' झालं. एक, दोन, तीन... सातही डोळे त्यांनी श्वास रोखून भरले. पट्टी बांधून त्या उठल्या तेव्हा नत्थूजी स्वतः केलेला चहा घेऊन बांधावर उभे होते. “घे बाप्पा, सुटला एकदाचा नेम!”

चार दिवसांत ती फांदीही वाळली. सातांपैकी पाच डोळे फुटले.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी कामाची वस्तू असेल. तिला नमस्कार जरूर करा, पण आधी तिला पुसा. आणि ती दुरुस्तीला द्याल तेव्हा आपला हात जसा आहे तसा सांगा, लपवू नका.

परवाच्या खंडेनवमीला ती पाच रोपं गुडघ्याएवढी झाली होती. कलाबाईंनी फडक्याने माझी खीळ कोरडी केली, तेलाचा थेंब सोडला आणि मुठीला कुंकवाचं एक बोट लावलं. मग जरा थांबल्या, आणि दुसरं बोट त्यांनी आपल्या डाव्या अंगठ्याला लावलं.