वाकणं आणि पडणं

भीमराव ढोके सकाळी आठच्या सुमारास स्वयंपाकघरात पडले आणि संध्याकाळी साडेपाचला त्यांची मुलगी स्नेहल कामावरून आली, तेव्हा तिथेच होते. फ्रिजला पाठ टेकलेली, पँट ओली, ओठ सुकून पांढरे. "काही नाही माय, जरा बसलो होतो," एवढंच म्हणाले. हाड मोडलं नव्हतं. पण स्नेहलने त्या दिवसापासून धसका घेतला. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, ही एकुलती एक मुलगी, आणि फार्मसीतली नोकरी सोडून घरी बसणं शक्य नव्हतं. दोन महिन्यांत तिने इंग्लंडमध्ये ते राहत त्या कॉव्हेंट्रीतच, घरापासून दहा मिनिटांवर, वृद्धांसाठीचं एक केअर होम शोधून काढलं.

ते होम तिने निवडलं ते तिथल्या सेन्सरसाठी. खोलीच्या छताला एक पांढरी डबी. कॅमेरा नाही, पण माणूस पलंगावरून उठला की देखभाल करणाऱ्या केअरर्सच्या फोनवर बीप वाजायची आणि तो जमिनीकडे गेला की मोठा अलार्म. या दोन्हींचा मेसेज स्नेहललाही यायचा. सेटिंग काय ठेवायचं, असं मॅनेजरने विचारलं तेव्हा तिने क्षणाचाही विचार केला नाही. "सगळ्यात स्ट्रिक्ट," ती म्हणाली.

भीमरावांनी छत्तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिकचं काम केलं होतं. एक दिवसही त्यांची सकाळची वंदना चुकली नव्हती. आंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, लहानशा बुद्धमूर्तीसमोर त्रिसरण, पंचशील, आणि शेवटी गुडघे टेकून कपाळ जमिनीला. होममधल्या पहिल्याच सकाळी त्यांचं कपाळ कार्पेटला लागलं आणि अलार्म झाला. दोघी केअरर धावत आल्या. एकीने दंड धरला, दुसरी व्हीलचेअर आणायला पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

शनिवारी स्नेहल आली तेव्हा ते हळूच म्हणाले, "मी पडत नाही गं. वाकतो."

"बाबा, पण त्या मशीनला ते कळत नाही ना. आणि एक दिवस खरंच पडलात तर?"

शिल्पा नावाची एक केअरर तिथे होती, नागपूरची, वर्षभरापूर्वीच आलेली. ती म्हणाली, "ताई, सकाळचा अर्धा तास अलार्म बंद ठेवता येतो. मी बसते ना काकांजवळ. तुम्ही फक्त सही द्या."

"नाही," स्नेहल म्हणाली. "तुम्ही त्यांना किचनमध्ये बघितलं नाही. मी बघितलं. बाबा, खुर्चीत बसून करा ना वंदना. प्लीज, माझ्यासाठी."

भीमरावांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मग ते खुर्चीत बसून हात जोडू लागले. हळूहळू बाकीचंही तसंच होत गेलं. खिडकीपाशी जायला उठलं की कुणीतरी हातातला घास सोडून धावत येतं, हे त्यांना लाजिरवाणं वाटे. "पोरींची कामं खोळंबतात," ते म्हणत. मग चष्मा हवा असला तरी कुणी येईपर्यंत वाट बघत. स्नेहलचा फोन गप्प झाला. आठ-आठ दिवस एकही मेसेज नाही. तिला रात्रीची झोप लागू लागली. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये मॅनेजर हसून म्हणाली, पाच महिन्यांत एकदाही पडले नाहीत. स्नेहलने तिचा हात हातात घेऊन आभार मानले.

जानेवारीत फिजिओथेरपिस्टने त्यांना उभं करायचा प्रयत्न केला. पाय थरथरले आणि जागच्या जागी दुमडले. मांड्या दंडाएवढ्या झाल्या होत्या. स्नेहल कळवळून म्हणाली, "सेन्सर बंद करा. मी रोज येते, मी चालवते त्यांना." ती रोज आलीही. काखेत हात घालून ओढायची, चुचकारायची, एकदा रागावलीही. भीमराव घामाघूम व्हायचे आणि म्हणायचे, "राहू दे माय, तुझी पाठ धरेल." फेब्रुवारीत छातीत कफ भरला. पडून राहिलेल्या म्हाताऱ्याला तो बाहेर काढता येईना. नवव्या दिवशी दुपारी, तिचा हात हातात असताना, ते गेले.

आठवड्याने ती खोली रिकामी करायला गेली. शिल्पा शर्टांच्या घड्या घालायला आली. मग शिल्पा म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबरमध्ये काकांनी मला विचारलं होतं, फाटकापर्यंत नेशील का. माझा ब्रेक होता. मी नेलं."

"अलार्म नाही झाला?"

"बीप झाली. तुम्हाला मेसेज जायच्या आत मीच फोनवर बंद केली."

"मला का नाही सांगितलं?"

शिल्पाने मान खाली घातली. "तुम्ही नको म्हटलं असतं."

स्नेहल पलंगाच्या कडेवर बसली. ती रागावेल असं शिल्पाला वाटलं, पण तिने विचारलं, "चालले?"

"हो. दोनदा बाकावर बसले, पण चालले. फाटकाशी उभं राहून जाणाऱ्या बसेस बघितल्या. एकीचा आवाज ऐकून म्हणाले, हिचा गिअरबॉक्स जाणार."

स्नेहलच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच हुंदका.

"परत सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. कोट घातला होता का त्यांनी?"

शिल्पा हातातला शर्ट बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसली आणि सांगू लागली.